ताज्या कॉफीचा हिशेब

आपल्या घरांतून चहाचे राज्य आहे. सकाळी डोळे उघडले की चहा, कामावरून आले की चहा, कुणी दारात उभे राहिले की चहा. कॉफीची पाळी क्वचित येते. घरात कुणी आजारी असेल, मुलांचे परीक्षेचे जागरण असेल, रात्री उशिरा सोयरे आले असतील किंवा मुलगी पाहायला पाहुणे येणार असतील, तर कॉफीचे पाकीट आणले जाते. त्यातली दोन-चार चमचे पूड वापरून पाकिटाचे तोंड रबराने बांधतात आणि ते मसाल्याच्या डब्यामागे जाऊन बसते. पुढचा प्रसंग येईपर्यंत चार-सहा महिने जातात. मग तीच पूड दुधात खळाखळा उकळून, साखर दुप्पट घालून आणि वर जायफळ किसून पाहुण्यांच्या हाती दिली जाते. पाहुणे 'छान झाली' म्हणतात. छान लागलेले असते ते जायफळ. कॉफी त्या पाकिटात केव्हाच मेलेली असते.

जायफळाशी आमचे भांडण नाही. मराठी घरांतून जायफळ-वेलदोड्याची कॉफी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिची गोडी वेगळी आहे. पण ताज्या कॉफीत जायफळ घालणे ही आवड झाली. शिळ्या कॉफीवर जायफळ घालणे हे पांघरूण झाले. घरच्या घरी कॉफी नीट कशी करावी आणि पूड ताजी कशी ठेवावी, हे चार शब्दांत सांगावे म्हणून आम्ही लिहायला बसलो, तेव्हा एका कार्यकर्त्या मित्राने विचारले, "कॉफी हा काय आपला विषय झाला? शिष्यवृत्तीचे, घरांचे, नोकऱ्यांतल्या अनुशेषाचे प्रश्न पडले आहेत." ते प्रश्न आहेतच. त्यांच्यासाठी आम्हीही अर्ज लिहितो, मोर्चात चालतो. पण 'ताजे' आणि 'शिळे' या दोन शब्दांचा आपल्या लोकांशी फार जुना संबंध आहे. म्हणून हा विषय आपला आहे.

आमची आजी गावकीच्या काळातली. भाकरी मागायला दारोदार जायचे, हे तिच्या लहानपणी तिच्या वाट्याला आलेले काम. दारातून मिळायची ती कालची भाकरी, आंबलेले कालवण, ताटात उरलेले. उरलेल्या भाकरीचे तुकडे उन्हात वाळवून ठेवायचे आणि पावसाळ्यात काम नसले की पाण्यात शिजवून खायचे, हे तिच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. "ताजं त्यांचं, शिळं आपलं, असा कायदाच हुता बाबा," असे ती म्हणायची. आजोबांची आठवण चहाची. तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेली कपबशी ठेवलेली असे. ती आपली आपण विसळून पुढे धरायची, चहा वरून ओतला जाई, आणि पिऊन झाल्यावर पुन्हा विसळून तिथेच ठेवायची. पैसे मात्र आत बसून पिणाऱ्याइतकेच.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस आणि मागून आणलेले शिळे-उष्टे सोडून देण्याचा उपदेश केला. पुष्कळांना तो उपदेश पोटाच्या प्रश्नाइतकाच वाटला असेल. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माणूस काय खातो-पितो, ते कुणाच्या हातचे आणि कधीचे असते, यावरून तो स्वतःला काय समजतो हे ठरत जाते. आज आपल्या घरात कुणी शिळे मागून आणत नाही. पण पाहुण्याला सहा महिन्यांची पूड आणि घरच्या बाईला पातेल्याच्या तळाशी उरलेला गाळ, हा रिवाज अजून पुष्कळ घरांत आहे. तो गरिबीमुळे आहे असे आम्हाला वाटत नाही. पुष्कळदा तो माप आणि झाकण यांच्याकडे लक्ष न दिल्यामुळे असतो.

आमचा कॉफीशी परिचय झाला तो धारावीला खेटून असलेल्या चाळीत. त्या भागात तिरुनेलवेलीकडून आलेले तमिळ लोक फार. त्यातले कित्येक कातड्याच्या धंद्यात कामाला आलेले. आमच्या शेजारच्या खोलीत एक म्हातारी अम्मा राहत असे. पहाटे पाचला तिच्या खोलीतून वास येई आणि आमच्या भिंतीलाही जाग येई. तिची हिंदी मोडकी, आमच्या आईची त्याहून मोडकी, पण दोघींचे जमे. अम्मा सांगायची की, तिच्या गावच्या टपरीवर त्यांच्या लोकांसाठी पेले वेगळे ठेवलेले असत. तमिळनाडूत ही दोन पेल्यांची पद्धत ठाऊक नाही असा आपला माणूस सापडणार नाही. मुंबईत पहिला पगार हाती आल्यावर अम्माने पितळी फिल्टर घेतला आणि दोन पेले. दोन्ही पेले एकसारखे. ते ती पाहुण्यांना हातात घेऊन दाखवायची.

कॉफीच्या पेल्यावरून दक्षिणेत लढे झाले आहेत, हे पुढे वाचनात आले. मद्रासमध्ये उपाहारगृहांच्या पाट्यांवर 'ब्राह्मण' शब्द मिरवला जात असे. १९५७ साली ट्रिप्लिकेन भागातील मुरली कॅफेसमोर पेरियार रामसामी यांच्या अनुयायांनी त्या पाटीविरुद्ध महिनोन्‌महिने निदर्शने केली, शेकडो लोक अटक करून घेत राहिले, आणि १९५८ मध्ये तो शब्द पाटीवरून उतरला. कॉफी ही नुसती कॉफी कधीच नव्हती. ती कुणी, कुठे बसून, कुणाच्या पेल्यात प्यायची, याला अर्थ होता. असो. आता मूळ मुद्द्याकडे वळू.

कॉफी शिळी होते म्हणजे काय होते, ते आधी समजून घ्यावे. कॉफी हे एका झाडाच्या फळातले बी. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाच्या सुफी फकिराने अरबस्तानातून सात बिया आणून कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, असे सांगितले जाते. आजही देशातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या तीन राज्यांत पिकते आणि त्यातही मोठा वाटा कर्नाटकाचा. आपल्या महाराष्ट्रात कॉफीची झाडे पाहायची तर अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला जावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस शिंपडून गेला की झाडाला पांढरी, मोगऱ्यासारख्या वासाची फुले येतात आणि साधारण नोव्हेंबरपासून पुढे लाल झालेली फळे तोडतात. एकाच फांदीवर हिरवी आणि लाल फळे शेजारी शेजारी असतात, त्यामुळे चांगल्या कॉफीसाठी फळे हाताने निवडून तोडावी लागतात. कोडगूच्या मळ्यांत हे काम करणाऱ्यांत येरवा, कुरुबा यांसारखे आदिवासी आणि आपल्यासारखेच भूमिहीन लोक आहेत. इतक्या हातांनी जे जपून तोडले, ते आपल्या फडताळात वास जाऊन पडावे, हे बरे नव्हे.

हिरवी बी वर्षभरही टिकते. खरा प्रश्न बी भाजल्यावर सुरू होतो. दोनशे अंशांच्या वर तापमानात बी फुगते, तपकिरी होते, तिच्यात शेकडो सुवासिक द्रव्ये तयार होतात, आणि पोटात कर्बद्विप्राणिल वायू कोंडतो. हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो आणि बाहेरच्या हवेतला प्राणवायू आत शिरतो. प्राणवायूने कॉफीतले तेल खवट होते आणि सुवास उडून जातो. अख्खी भाजलेली बी नीट ठेवली तर काही आठवडे चांगली राहते. पण तीच दळली की एका बीचे हजारो कण होतात, प्रत्येक कणाला हवा लागते, आणि जे काम काही आठवड्यांत व्हायचे ते काही दिवसांत होते. शेंगदाणे आणि शेंगदाण्याचा कूट यांत जो फरक, तोच इथे. कूट किती लवकर खवट होतो हे आपल्या बहिणींना सांगायला नको.

थोडक्यात, कॉफीचे चार शत्रू: हवा, ओल, उष्णता आणि उजेड. आणि आपल्या स्वयंपाकघरात डब्यांची फळी असते कुठे? शेगडीच्या वर. तिथे उष्णता आहे, वाफ आहे आणि शेजारी हिंग, मसाला आहे. कॉफी दुसऱ्याचा वास चटकन ओढून घेते. म्हणून कॉफीचा डबा शेगडीपासून लांब, खालच्या फडताळात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवावा. डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा असावा. पारदर्शक बरणी दिसायला सुंदर, पण उजेड आत येतो. डबा लहान असावा, म्हणजे पूड त्यात गच्च भरेल. मोठ्या डब्याच्या तळाशी चार चमचे पूड असेल तर उरलेला डबा हवेने भरलेला असतो आणि ती हवा आपले काम करत राहते. पूड पाकिटातच ठेवायची असेल तर आतली हवा दाबून काढावी, तोंड दोन-तीन वेळा दुमडून चाप लावावा आणि पाकीट डब्यात ठेवावे. चमचा कोरडा ठणठणीत असावा. ओल्या चमच्याने पुडीची जी नासाडी होते ती महिनाभराच्या हवेनेही होत नाही.

फ्रिजबद्दल बरेच जण विचारतात. रोजच्या वापराची पूड फ्रिजमध्ये ठेवू नये. गार डबा बाहेर काढून उघडला की हवेतली वाफ त्या गार पुडीवर बसते, पुन्हा आत ठेवला की तीच ओल आत कोंडते. शिवाय फ्रिजमधला लसणाचा, माशाचा वास लागतो तो वेगळा. गावाहून कुणी जास्तीची पूड आणलीच तर तिच्या आठवड्यापुरत्या लहान लहान पुड्या करून, हवाबंद पिशव्यांत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. लागेल तेव्हा एक पुडी काढावी, न उघडता ती खोलीइतकी ऊबदार होऊ द्यावी आणि मग उघडावी. उघडलेली पुडी परत आत जाता कामा नये.

पावसाळ्यात जास्त जपावे. गंमत अशी की कोकणपट्टीच्या खाली, मंगळूरकडच्या किनाऱ्यावर, व्यापारी हिरव्या बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यात पसरून ठेवतात. काही आठवड्यांत त्या फुगतात, पिवळसर होतात, त्यांचा आंबटपणा जातो, आणि 'मान्सून्ड मलबार' म्हणून परदेशात त्यांना चांगला भाव मिळतो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना समुद्राच्या दमट हवेने असेच होत असे. पण ही करामत हिरव्या बीची. भाजून दळलेल्या पुडीला तोच पावसाळी वारा लागला तर तिचा ओला भुसा होतो. झटपट कॉफी तर हवेतली ओल शोषून बाटलीतच दगड होते. तिचेही झाकण लगेच लावावे, आणि उकळत्या पातेल्याच्या वाफेवर बाटली धरून चमचा घालू नये.

आता विकत घेण्याविषयी. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, त्यामुळे हिशेबाशिवाय आम्हाला चैन पडत नाही. आमच्याकडे सकाळी दोन पेले कॉफी होते. त्याला १५ ग्रॅम पूड लागते, म्हणजे साधारण तीन सपाट मोठे चमचे. २०० ग्रॅमचे पाकीट तेरा दिवस पुरते. म्हणून आम्ही २०० ग्रॅमच आणतो, पंधरवड्यातून एकदा. जिथे महिन्यातून चार वेळाच कॉफी होते, त्या घराने ५० ग्रॅमच्या वर आणू नये. एक किलो घेतली तर किलोमागे थोडे पैसे वाचतात हे खरे. पण अर्धी पूड वास जाऊन प्यावी लागली तर ते पैसे वाचले कुठे? आणि वास गेला की घरातली माणसे चव यावी म्हणून दोनऐवजी तीन चमचे घालतात. मोठ्या पाकिटाची बचत तिथेच संपते. पाकिटावर पूड कधी भरली ती तारीख पाहावी. डब्यावर आपणही चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहावी. आमच्या सौ. हे काम पेन्सिलीने करतात, आणि तारीख जुनी झाली की डब्यातली पूड आधी संपवण्याचा हुकूम निघतो.

मुंबईत माटुंग्याला, आणि इतर शहरांतही दाक्षिणात्य वस्तीजवळ, डोळ्यांसमोर बिया दळून देणारी दुकाने असतात. तिथून घेतलेली पूड सर्वांत बरी. दुकानदार दोन गोष्टी विचारतो. पहिली, बी कोणती. अरेबिका सुवासाला चांगली, रोबस्टा कडक आणि दाट; रोबस्टात कॅफिन सुमारे दुप्पट असते. दोन्ही मिसळून घेतली तर दुधाच्या कॉफीला छान लागते. दुसरी गोष्ट चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. ते गुजरातेत पिकते. त्याने रंग गडद येतो, दाटपणा येतो, किंमत कमी होते, पण त्यात कॉफीचा अंशही नसतो आणि कॅफिनही नसते. चिकोरी वाईट नाही, पुष्कळांना आवडतेही. पण आपण कशाचे पैसे देतो हे कळले पाहिजे. कायद्याप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. अक्षरे बारीक असतात, पण असतात. आपल्या मुलांना ती वाचायला लावावीत. सुट्या पुडीची परीक्षा घरी करता येते. पेलाभर गार पाण्यावर चिमूटभर पूड हळूच टाकावी. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी भराभर बुडते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते.

आता कृती. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या तळाला बारीक भोके आणि आत दांडीची चकती. स्टीलचा लहान फिल्टर कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. फिल्टर अगदी कोरडा असावा. वरच्या भांड्यात १५ ग्रॅम पूड घालून हलकेच सारखी करावी, वर चकती ठेवावी. पूड दाबून ठासू नये, पाणी अडते. अगदीच सैल ठेवली तर पाणी भरकन उतरते आणि काही घेऊन येत नाही. पाणी उकळी आली की उतरवून अर्धा मिनिट थांबावे. आधी दोन चमचे पाणी घालून पूड भिजू द्यावी. पूड ताजी असेल तर फुगते आणि बुडबुडे येतात. हा तोच कोंडलेला वायू. बुडबुडे मुळीच आले नाहीत तर पूड जुनी आहे असे समजावे. अर्ध्या मिनिटाने उरलेले पाणी घालावे, एकूण १०० मिलिलिटर. झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे विसरून जावे. चोथा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे ३० मिलिलिटर तिथेच राहते आणि खाली ७० मिलिलिटर दाट डिकॉक्शन मिळते. ते दोन पेल्यांत निम्मे निम्मे घालावे. वर नुकतेच उकळलेले दूध, साखर आपापल्या आवडीने. डिकॉक्शन मात्र पुन्हा शेगडीवर चढवू नये. उकळले की सुवास वाफेबरोबर जातो आणि मागे कडवटपणा राहतो.

फिल्टर नसला तरी अडत नाही. तितकीच पूड पातेलीत घ्यावी, त्यावर उकळून किंचित निवलेले पाणी घालावे, एकदा ढवळून झाकण ठेवावे, पाच मिनिटांनी धुतलेल्या पातळ सुती फडक्यातून गाळावे. फडके कॉफीपुरते वेगळे ठेवावे आणि साबण न लावता गरम पाण्याने धुवावे. फिल्टरची भोके आठवड्यातून एकदा जुन्या ब्रशने घासावीत. त्यांत अडकलेले जुने तेल खवट होते आणि नव्या कॉफीलाही तोच वास येतो.

आमच्या घरी दर रविवारी सकाळी अभ्यासिकेतली मुले-मुली येतात. कुणी बँकेच्या परीक्षेची तयारी करते, कुणी लोकसेवा आयोगाच्या. पूर्वी अशा बैठकीला पातेलेभर चहा एकदम उकळून ठेवायचा आणि उशिरा येणाऱ्याला तोच तापवून द्यायचा, अशी सर्वत्र पद्धत होती. तीन-तीनदा तापवलेला तो शेवटचा कप कुणाच्या वाट्याला यायचा? घरातल्या बाईच्या. आमच्या आईने जन्मभर तसाच चहा घेतला. डिकॉक्शनची गोष्ट वेगळी. ते एकदाच काढून झाकून ठेवायचे. येईल त्याच्या पेल्यात तेवढ्यापुरते घालायचे आणि वर गरम दूध. पहिल्या पेल्यात आणि आठव्या पेल्यात फारसा फरक पडत नाही. दुपारनंतर मात्र त्याची चव उतरते. अगदीच उरले तर झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी गार दुधाबरोबर संपवावे. दूध कोण तापवणार, यावर आमच्याकडे ठराव झाला आहे: ज्याचा पेला, त्याचे दूध. त्यामुळे आमच्या सौ. मुलांबरोबर खाली बसून, गरम असतानाच आपली कॉफी घेतात. फिल्टरची किंमत आमच्या मते एवढ्यानेच वसूल झाली.

परीक्षेच्या मुलांना एक गोष्ट आम्ही सांगतो. कॅफिन शरीरातून निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या पेल्यातले निम्मे रात्री अकराला अंगात असते. जागरणासाठी कॉफी आणि मग झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉफी, या चक्रात पडू नये. बहिणींसाठी दुसरी गोष्ट. आपल्या घरांतून बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचे वारंवार आढळते. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच चहा-कॉफी घेतली तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. म्हणून जेवणानंतर निदान दोन तास जाऊ द्यावेत. गरोदर बाईने कॉफी बेताची घ्यावी आणि डॉक्टरांना विचारून घ्यावी.

शेवटी एक अनुभव सांगतो. आमच्या कचेरीतले एक गृहस्थ काही कागदांवर सही घ्यायला घरी आले होते. वर्षानुवर्षे शेजारच्या टेबलाला बसलेले, स्वभावाने सज्जन. पण आमच्याकडे आले की "आत्ताच घेऊन निघालो" किंवा "आज उपास आहे" हे ठरलेले. त्या दिवशीही त्यांनी तेच म्हटले. आम्ही आग्रह केला नाही. फिल्टर लावलेला होताच. घरातला चांगला पेला काढला, ताजे डिकॉक्शन, ताजे दूध घालून त्यांच्यापुढे ठेवले आणि कागद पाहू लागलो. वास खोलीभर पसरला होता. त्यांची नजर दोनदा पेल्याकडे गेली. कागद झाले, ते उठले, पेला तसाच राहिला. वर साय धरली होती. आमच्या थोरल्या मुलीने तो पेला उचलला आणि आत नेऊन मोरीत ओतला. तिने विचारले, "पुढच्या वेळी ठेवायचा का यांच्यापुढे?" आम्ही म्हटले, "ठेवायचा. ताजी करूनच ठेवायची. प्यायची की नाही, ते त्यांचे त्यांनी पाहावे." आजोबांच्या वेळी पेला कोणता द्यायचा हे दुसरे कुणी ठरवत असे. आता आमच्या घरात ते आम्ही ठरवतो, आणि आमच्या घरात पेले एकाच जातीचे आहेत.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, ताजे खाणे-पिणे ही श्रीमंतांची मिरास नाही. त्याला मोठा पगार लागत नाही. लहान पाकीट, घट्ट झाकण, कोरडा चमचा आणि नेमके माप, एवढ्याचाच तो हिशेब आहे. येत्या रविवारी मसाल्याच्या डब्यामागचे ते जुने पाकीट काढा. त्याचा वास घेऊन पाहा. वास आला नाही तर ती पूड तुळशीच्या, कुंडीतल्या झाडाच्या मातीत थोडी थोडी मिसळा आणि नवीन फक्त १०० ग्रॅम आणा. डब्यावर तारीख लिहा. आणि पहिला पेला घरात जिने आजवर शेवटचा घेतला, तिला द्या.